तयार चौकोनांना नावे ठेवणाऱ्यांस

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मंडळांत अलीकडे गोधडीला फार मान मिळू लागला आहे. तिच्यावर निबंध लिहिले जातात, कविता वाचल्या जातात, हळदीकुंकवाच्या समारंभात एखादी जुनी गोधडी दोरीवर टांगून तिच्यासमोर छायाचित्रे काढली जातात. आजीच्या लुगड्याची ऊब, आईच्या मायेचा टाका, ठिगळाठिगळांतून डोकावणारा गतकाळ ही शब्दकळा आता इतकी रुळली आहे की वक्ता उभा राहण्यापूर्वीच श्रोत्यांना भाषण पाठ असते. या गौरवाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर घडणाऱ्या प्रकाराबद्दल. एखादी मुलगी बाजारातून कापडाचे तयार कापलेले चौकोन आणते, नऊ-नऊ चौकोन जोडून चार-सहा ब्लॉक शिवते आणि मोठ्या उमेदीने ते मंडळात दाखवायला आणते. तेव्हा हीच गौरव करणारी मंडळी नाक मुरडतात. ‘ही कसली गोधडी? हे तर विकतचे तुकडे! कापायचेसुद्धा कष्ट नकोत यांना!’ मुलगी ब्लॉक पिशवीत घालून घरी जाते आणि बहुधा पुन्हा सुई हातात घेत नाही.

आमचे म्हणणे आधीच स्पष्ट मांडून ठेवतो, म्हणजे वाचकांना भांडायला सोपे जाईल. तयार चौकोनांपासून शिवलेली साधी गोधडी ही गोधडीच आहे. आपल्या घरांतून हे काम पुन्हा सुरू व्हायचे असेल तर नवशिक्याला आत येण्यासाठी सध्या हाच दरवाजा उघडा आहे. आणि तो लावून घेण्याचे काम परके कोणी करीत नाही. गोधडीवर आपले प्रेम असल्याचे सांगणारे आपलेच लोक करीत आहेत.

ज्यांनी हे चौकोन पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील कापड कंपन्या एका छपाईमालिकेतील सुती कापडांचे सारख्या मापाचे तुकडे कापून गठ्ठ्याने विकतात. ५ इंची चौकोनांच्या गठ्ठ्याला ‘चार्म पॅक’ म्हणतात व त्यात बहुतेक ४२ चौकोन असतात. १० इंची चौकोनांच्या गठ्ठ्याला ‘लेयर केक’ असे खाऊचे नाव आहे. आपल्याकडेही आता असे गठ्ठे विकत मिळतात. नऊ चौकोन तीन-तीनच्या तीन ओळींत जोडले की एक ब्लॉक होतो. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचे पाव-पाव इंच कापड आत जाते, म्हणून ५ इंचांचा चौकोन जोडल्यावर साडेचार इंचांचा दिसतो आणि नऊ चौकोनांचा ब्लॉक साडेतेरा इंचांचा भरतो. असे ब्लॉक आडवे चार आणि उभे सहा, म्हणजे एकूण २४ जोडले की ५४ इंच रुंद व ८१ इंच लांब असा वरचा पदर तयार होतो. एका माणसाच्या पांघरुणाला तेवढा पुरतो. त्याखाली जुन्या चादरींचे थर, सर्वांत खाली अस्तर, आणि या सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारा धावदोरा. जुन्या गोधडीहून यात निराळे असे काय आहे? चौकोन कापणारा हात दुसऱ्याचा आहे, एवढेच.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप काटकसरीचा आहे. गोधडी जुन्या कापडाची असते; फाटके टाकून देऊ नये म्हणून ती जन्माला आली; धडधाकट नवे कापड कापायचे आणि तेच पुन्हा जोडत बसायचे, हा रिकामपणचा उद्योग झाला, असे म्हणतात. आक्षेप ऐकायला योग्य वाटतो. परंतु आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो की, जुने सुती कापड आणायचे कोठून? विटून विटून सायीसारखे मऊ झालेले नऊवारी लुगडे, दोनदा दंड घालून वापरलेले पातळ, घरात नेसायची धोतरे हा गोधडीचा खरा कच्चा माल होता. नायलॉनच्या आणि पुढे पॉलिएस्टरच्या साड्या आल्या, धोतराच्या जागी टेरीकॉटची पाटलोण आली, तेव्हाच हा माल आटला. पॉलिएस्टरची साडी वर्षानुवर्षे फाटत नाही आणि मऊही पडत नाही. तिचे थर एकमेकांवरून सटकतात, घाम शोषला जात नाही, आणि तान्ह्या मुलाच्या अंगावर ती घालवत नाही. ज्या गिरण्यांच्या कापडावर माळव्यातील घरे नेसली-ल्यायली, त्या गिरण्याही गेल्या. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. तेव्हा ‘आजीच्या लुगड्याचीच गोधडी हवी’ ही अट आज घालणे म्हणजे गोधडी शिवूच नका, असे सभ्य भाषेत सांगणे आहे. अट घालणाऱ्यांच्या स्वतःच्या कपाटांत सुती लुगडी किती उरली आहेत, हे त्यांनी उघडून पाहावे.

शिवाय धड कापड मुद्दाम कापून जोडण्याची चाल या देशाला नवी नाही. बौद्ध भिक्खूंच्या वस्त्रांविषयीचे नियम विनयपिटकात आहेत. बुद्धांनी मगधातील बांधाबांधांनी आखलेली शेते पाहिली आणि भिक्खूंची वस्त्रे तशी करता येतील का, असे आनंदाला विचारले, अशी कथा त्यात येते. आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर तयार केले, आणि भिक्खूची वस्त्रे कापून जोडलेलीच असावीत असा नियम झाला. कापलेल्या कापडाला बाजारात किंमत उरत नाही, म्हणून चोराला त्याचा लोभ होत नाही, आणि ज्याने ते पांघरले त्यालाही त्याचा मिरवण्याजोगा अभिमान होत नाही, हा त्यामागील विचार. आखीव तुकडे मोजून जोडण्याची ही रीत दोन सहस्रकांहून जुनी आहे आणि भिक्खुसंघांत आजही पाळली जाते. तिला रिकामपणचा उद्योग म्हणण्याचे धाडस आमच्याने होणार नाही.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. नावे इंग्रजी, गठ्ठा अमेरिकेचा, तेव्हा हे काम आपले नव्हे, असा. यातील पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसरे त्यांतून निघत नाही. गोधडीचे एकच शुद्ध मराठी रूप होते आणि आपण ते जपत आलो, ही समजूतच मुळात टिकणारी नाही. आपल्यापैकी बेळगावकरांना हे सांगण्याची गरज नाही. त्यांच्याकडे कन्नड शेजाऱ्यांची ‘कौदी’ आहे, आणि खानापूर, हल्याळ, यल्लापूर या बाजूला राहणाऱ्या सिद्दी बायकांची ‘कवंदी’ आहे. आफ्रिकेतून आणलेल्या, बऱ्याच अंशी पोर्तुगीजांच्या गोव्यातून आलेल्या लोकांची ही संतती. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीचे शब्द भरपूर आहेत. त्यांची कवंदी कोपऱ्यापासून सुरू होते. कडेकडेने तुकडे दुमडून शिवत शिवत बाई मध्याकडे येते. चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेली त्रिकोणी ‘फुला’ लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. बडोदेकरांच्या शेजारी ‘गोदडी’, माळव्यात ‘गुदडी’, हैदराबादेत तेलुगू घरांत ‘बोंत’, बंगालात ‘कांथा’. प्रत्येकीचा टाका निराळा, मांडणी निराळी. आपले पूर्वज ज्या ज्या मुलखात जाऊन राहिले त्या त्या मुलखाचे पीठ, मसाला आणि नेसण यांतून त्यांनी काही ना काही उचलले. एका चौकोनानेच आपले मराठीपण बाटण्याचे काही कारण दिसत नाही.

घरच्या जुनेराऐवजी कारखान्यातून आलेल्या तुकड्यांवर शिवणाऱ्या बायका तर आपल्या अगदी जवळ आहेत. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्या विकत आणून त्यांच्या खोळी शिवण्याचे काम बायका वर्षानुवर्षे घरी बसून करीत आल्या. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ‘सेवा’ संघटनेने या बायकांच्या मजुरीसाठी व्यापाऱ्यांशी लढा दिला आणि त्यांची ‘सबिना’ ही सहकारी संस्था उभी राहिली. या बायकांच्या हातांत आजीचे लुगडे नव्हते. गिरणीने टाकलेले तुकडे होते. त्यांच्या कामाला कोणी खोटे म्हणेल काय? ज्या अमेरिकेचे नाव घेऊन चौकोनांची टर उडवली जाते, तेथेही हेच दिसते. अलाबामा राज्यातील गीज बेंड या गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या व कलासमीक्षकांनी त्यांना आधुनिक चित्रकलेच्या पंक्तीस बसवले. त्या परिसरातील बायकांच्या सहकारी संस्थेने १९७२ पासून सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवले होते. त्या कामातून उरलेल्या कातरणांतून गावातील बायकांनी ज्या गोधड्या शिवल्या, त्यांतील काही त्यांच्या उत्तम गोधड्यांत मोडतात. कापड कोठून आले याची चौकशी संग्रहालयाने केली, ती गौरवासाठी, हिणवण्यासाठी नव्हे.

तिसरा आक्षेप कौशल्याचा आहे, आणि तो आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो. ‘खरी कला कापण्यात आहे. कापड बेतणे, उभा-आडवा धागा ओळखणे, कात्री सरळ चालवणे हे ज्याला येत नाही त्याने शिवणकामाच्या गोष्टी करू नयेत.’ कापण्यात कला आहे, हे आम्ही अमान्य करीत नाही. परंतु चौकोन हातात आल्यावर काही शिल्लकच राहत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा नऊ चौकोन स्वतः जोडून पाहावेत. पाव इंच म्हणजे दोन सूत. प्रत्येक शिवणीत अर्धा सूत कापड जादा गेले, तर दोन्ही बाजू मिळून प्रत्येक चौकोन एक सूत आखडतो. आणि २० चौकोनांच्या रांगेत २० सूत, म्हणजे पुरते अडीच इंच गायब होतात. शेजारची रांग बरोबर शिवली असेल तर दोन्ही रांगा एकमेकींना जोडताच येत नाहीत. मग इस्त्री. पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडे दाबायच्या, दुसरीच्या डावीकडे, तिसरीच्या पुन्हा उजवीकडे, म्हणजे ओळी जोडताना शिवणी एकमेकींत चपखल बसतात आणि चार चौकोनांचे कोपरे एका बिंदूत मिळतात. इस्त्री घासत नेली की चौकोन ताणून वाकडा होतो. ती उचलून ठेवायची असते. पुस्तकात हे दोन ओळींत आटोपते. हाताला कळायला दहा-बारा ब्लॉक उसवावे लागतात.

आणि या सर्वांच्या वर मांडणी. पाच गडद आणि चार फिके चौकोन घेतले की ब्लॉकमध्ये फुली उमटते. पाच फिके, चार गडद घेतले की तीच फुली उलटी होते. हे दोन ब्लॉक आळीपाळीने मांडले की सबंध पांघरुणावर अखंड पट उठतो. रंग सुरेख असले तरी गडद-फिक्याचा मेळ चुकला की सगळे एकमेकांत मिसळून जाते आणि काहीच दिसत नाही. त्यासाठी चौकोन जमिनीवर मांडून, दूर उभे राहून, डोळे किलकिले करून पाहावे लागते. ठिपक्यांच्या रांगोळीवर ज्यांची नजर घडली, त्यांना या विद्येची निम्मी ओळख आधीच असते. नवशिकीला कात्रीच्या तोंडी देण्याऐवजी आधी हे सगळे शिकवले, तर बिघडले कोठे? मुलाच्या हाती पाटी देताना ती खाणीतून खणून आण, असे कोणी सांगत नाही.

चौथा आक्षेप मायेचा. विकतच्या तुकड्यांत माया कोठून येणार, असे डबडबल्या डोळ्यांनी विचारले जाते. येथे आम्हांला जरा कठोर बोलणे भाग आहे. आपल्या पांढरपेशा घरांतील पुष्कळशा गोधड्या घरच्या बायकांनी शिवलेल्या नव्हत्याच. पावसाळा संपला की दारावर गोधडी शिवणाऱ्या बायका येत. ओसरीवर लुगडी पसरून, एका दिवसाच्या किंवा एका नगाच्या मजुरीवर, शेर-दोन शेर धान्यावर आणि जुन्या पातळावर त्या गोधडी शिवून देत. महाराष्ट्रातील गावांत आणि शहरांच्या वस्त्यांत असे पोट भरणाऱ्या बायका अजूनही आहेत. त्यांचा टाका आपल्या आजीच्या नावावर जमा करून आपण कविता केल्या. ज्या आज्यांनी खरोखर स्वतः शिवले, त्यांनीही ते थंडीसाठी शिवले, पुष्कळदा रात्री, दिव्याच्या उजेडात, डोळे चुरचुरत असताना. ग्वाल्हेरच्या डिसेंबरात पोरे कुडकुडू नयेत, एवढी साधी गरज होती. कापड जुने असल्यामुळे त्यात माया आली, असे मानणे म्हणजे श्रमाचे श्रेय कापडाला देणे होय. कोणासाठी तरी २१६ चौकोन एकेक करून जोडत बसलेली आजची मुलगी तितकीच माया करीत आहे. तिच्या कपाटात लुगडे नाही, हा तिचा दोष नव्हे.

आता आक्षेपकांशी आम्ही जेथे सहमत आहोत ते सांगतो. नाहीतर आम्ही दुकानदारांची वकिली करतो, असे व्हायचे. चौकोनांच्या गठ्ठ्यापुढची एक पायरी बाजारात आहे. तीत चौकोन येतात, त्यांवर क्रमांक असतात, कोणता कोठे लावायचा याचा छापील आराखडा असतो, शेवटी काय दिसेल त्याचे चित्र वेष्टनावर असते. तेथे शिवणाऱ्याकडे मजुरीखेरीज काहीही उरत नाही. हजार घरांत एकच गोधडी तयार होते आणि ती पाहून कोणाची म्हणून ओळखता येत नाही. याला आमचा विरोध आहे. आमची सीमारेषा अशी: चौकोन दुसऱ्याने कापलेला चालेल, मांडणी मात्र शिवणाऱ्याची हवी. गठ्ठ्यातील ४२ चौकोनांपैकी नको असलेले दहा बाजूला काढावेत, त्यांच्या जागी वडिलांच्या जुन्या सदऱ्याचे, भावाच्या शाळेच्या गणवेशाचे दहा घालावेत. गठ्ठा सजवणाऱ्याची आवड आपल्या डोक्यावर बसू देऊ नये.

तसेच, तयार चौकोनांवरच आयुष्यभर राहावे असेही आम्ही म्हणत नाही. चौकोनच मनुष्याला कात्रीकडे नेतो. याचे एक उदाहरण देतो. नऊ चौकोनांचा ब्लॉक शिवून झाला की तो कडेच्या शिवणींसकट १४ इंचांचा असतो. तो बरोबर मधून उभा आणि आडवा कापावा. सात-सात इंचांचे चार तुकडे होतात. त्यांतील दोन समोरासमोरचे तुकडे फिरवून पुन्हा जोडले की मूळचे नऊ चौकोन ओळखूही येत नाहीत. लहान, मध्यम आणि मोठ्या अशा चौकटींची नवीच नक्षी निर्माण होते. आपणच मेहनतीने शिवलेले आपणच कापायला पहिल्या वेळी हात धजत नाही. एकदा धजला की कापडाची भीती मोडते. दोन चौकोन समोरासमोर ठेवून, कर्णरेषेच्या दोन्ही अंगांनी पाव इंचावर शिवून, मधोमध कापले की दोन रंगांच्या त्रिकोणांचे दोन चौकोन एकदम हाती येतात. येथवर आलेली मुलगी पुढचे कापड स्वतः कापते, तिला सांगावे लागत नाही. दारातच हिणवलेली येथवर पोचतच नाही.

यावर ‘एका पांघरुणाचा एवढा बाऊ कशाला?’ असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही आपल्याच घरांतील दुसरी गोष्ट आठवून द्यायला सांगतो. आपली मुले ‘मी जेवून राहिलो आहे’ म्हणतात. बडोद्यात वाक्यात गुजराती येते, बेळगावात कानडी येते. या मुलांना आपण काय सांगितले? ‘हे कसले मराठी? यापेक्षा बोलू नकोस.’ त्यांनी ऐकले. ती हिंदीत, इंग्रजीत बोलू लागली, आणि आज मंडळाच्या सभेत केस पांढरे झालेले लोकच एकमेकांना शुद्ध मराठीत भाषणे ऐकवतात. वाकडीतिकडी का होईना, बोलणारी जीभ सुधारता येते. गप्प केलेली जीभ सुधारता येत नाही. हाताचेही तसेच आहे. ज्या घरांत गोधडी शिवण्याचा हात अजून आहे, त्या घरांतील तो हात ऐंशीच्या घरात पोचला आहे. शिकवायला फार वर्षे उरलेली नाहीत, आणि शिकायला आलेल्यांना आपण त्यांच्या चौकोनांच्या कुळाबद्दल विचारीत आहोत.

म्हणून टीका करून थांबण्यापेक्षा आम्ही एक सूचना मांडतो. तयार चौकोन परदेशातूनच आले पाहिजेत असे नाही. ते आपल्या मंडळातूनच तयार व्हावेत. ज्या वृद्ध भगिनींना आता सुईत दोरा ओवता येत नाही, पण ज्यांची कात्री अजून सरळ चालते, त्यांनी चौकोन कापावेत. जाड पुठ्ठ्याचा ५ इंची नमुना करून तो सर्वांनी एकच वापरावा. कापड सुती हवे, मग ते जुने असो, कटपीसच्या दुकानातले असो की शिंप्याकडचे कातरण असो. कापण्यापूर्वी ते धुवून आक्रसू द्यावे, आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून त्याचा रंग जातो का ते पाहावे. विकतच्या गठ्ठ्यातील चौकोन आधी धुता येत नाहीत, त्यांच्या कडांचे धागे सुटतात. घरचा चौकोन या एका बाबतीत त्याच्याहून सरस ठरेल. चौकोनाची कड कापडाच्या उभ्या धाग्याला धरून कापावी. उरेब कापलेला चौकोन शिवताना ताणतो.

हिशेबही सोपा आहे. प्रत्येक घराने २० चौकोन द्यावेत. १३ घरांचे २६० चौकोन होतात. १३ आडवे आणि २० उभे मांडले की साडेअठ्ठावन्न इंच रुंद, ९० इंच लांब असे पुरे पांघरूण होते. शिवण्याचे काम ज्यांनी आजवर सुई धरलेली नाही अशा मुला-मुलींनी करावे, मांडणी त्यांनीच ठरवावी, आणि ज्येष्ठांनी तिच्याबद्दल विचारल्याशिवाय बोलू नये. शेवटची अट पाळणे सर्वांत अवघड जाईल, याची आम्हांला कल्पना आहे.

गोधडी पुरी झाल्यावर ती दोरीवर टांगू नये. ज्या घरी त्या वर्षी मूल जन्मले असेल, किंवा जेथे कोणी आजारी असेल, तेथे ती पांघरायला द्यावी, आणि पुढच्या २६० चौकोनांसाठी पुठ्ठ्याचा नमुना दुसऱ्या तेरा घरी पाठवावा. ज्यांना तयार चौकोनांबद्दल अजूनही तक्रार आहे, त्यांच्याकडून आम्ही दुसऱ्या लेखाची अपेक्षा करीत नाही. त्यांनी स्वतः कापलेले वीस चौकोन पाठवावेत. तेही आम्ही तितक्याच आनंदाने जोडून घेऊ.